पट्टी हातात, पिशवी बंद: हळदीची पिशवी नीट का फाटत नाही आणि त्यावर काय करता येतं

पहिली तक्रार साताऱ्याहून आली. फोनवर एक आजी होत्या. "हळद झकास आहे गं पोरी, पण पिशवी उघडायला नातवाची वाट बघावी लागते. परवा दातानं ओढली, तर निम्मी ओट्यावर." मी दुसरी पिशवी पाठवली आणि विषय संपला असं धरून चालले. मग तसाच फोन कऱ्हाडहून आला, मग पुण्याहून, मग आमच्याच गल्लीतून. खरं कारण सापडायला जवळजवळ वर्ष गेलं, कारण मी भलत्याच जागी शोधत होते. मसाला, चटणी, पीठ, बेदाणा घरी भरून विकणाऱ्या कितीतरी बायकांना हाच त्रास होतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आमचा व्याप लहान आहे. सांगलीत घरामागच्या शेडमध्ये मी, जाऊबाई आणि आणखी चौघीजणी. मार्केट यार्डातून राजापुरी हळकुंड घ्यायचं, कांडून आणायचं, चाळायचं आणि पाव, अर्धा नि एक किलोच्या पिशव्या भरायच्या. दिवाळीच्या आधी तासगावकडचा बेदाणाही भरतो. सील, म्हणजे तोंड तापवून चिकटवणं, पायाच्या मशीनवर मारतो. पिशव्या तयार छापील येतात. बाहेर १२ मायक्रॉन पॉलिस्टर, आत जाड पॉली (पॉलिथिन), कडेला फाडण्यासाठी खाच.

आधी तक्रार नीट ऐका

"पिशवी उघडत नाही" या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात, आणि तिन्हींचं औषध वेगळं. म्हणून आता कुणी तक्रार केली की मी पहिल्यांदा विचारते, नक्की काय झालं? खाचेतून ओढल्यावर फाटतच नाही? की वरची पट्टी निघून हातात येते आणि पिशवी खाली तशीच बंद राहते? की फाटायला लागते आणि मध्येच वाकडी होऊन खाली पोटात जाते? शक्य असेल तर फाटलेल्या पिशवीचा फोटो मागवते. शब्दांतून जे कळत नाही ते फोटोत लगेच दिसतं. ते तीन फोटो मी आधीच मागवले असते, तर वर्ष गेलं नसतं.

आमच्याकडचे निम्म्याहून जास्त फोटो दुसऱ्या प्रकारचे निघाले. पट्टी हातात, पिशवी बंद. आता माणूस काय करणार? सुरी घेणार, नाहीतर दात. सुरी हळदीच्या पिशवीत घुसली की काय होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे.

पट्टी हातात येते, कारण सील खाचेच्या खाली आहे

तयार पिशवीची खाच वरच्या काठापासून साधारण दीड-दोन सेंटिमीटर खाली असते. सील या खाचेच्या वर मारायचं असतं. म्हणजे खाचेतून फाडलं की सील पूर्णच निघून जातं आणि तोंड उघडतं. आमच्याकडे मात्र एकाऐवजी दोन सील मारली जात होती. एक खाचेच्या वर, आणि "सुरक्षित असावं" म्हणून दुसरं खाचेच्या खाली. गिऱ्हाईक खाचेतून सरळ फाडत होतं, अगदी बरोबर फाडत होतं, आणि खालचं सील जागच्या जागी होतं. काही पिशव्यांत तर सील नेमकं खाचेवरच बसलेलं. तिथं दोन्ही बाजूंचे थर वितळून एकजीव झालेले असतात, ते हातानं फाटणं जवळजवळ अशक्य.

हे दुसरं सील आलं कुठून, ते सांगायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा वाढली तेव्हा आमच्या शेडमध्ये पाणी आलं. भरून ठेवलेला सगळा माल टाकून द्यावा लागला. त्यानंतर ओलाव्याची अशी धास्ती बसली की प्रत्येक गोष्ट दुहेरी झाली. दोन सील, आत साधी पिशवी आणि बाहेर छापील पिशवी, वर बबल रॅप, मग खोका, खोक्याला चारही बाजूंनी तपकिरी टेप. पुढं कुरिअरमध्ये एखादी पिशवी गळली की आम्ही आणखी एक थर चढवायचो. गळती काही थांबली नाही. उघडणं मात्र दर थरागणिक अवघड होत गेलं, आणि गिऱ्हाइकाच्या घरी कचराही वाढत गेला. म्हणून ज्यांना पॅकिंग उघडायला सोपं करायचं आहे, त्यांनी सुरुवात उघडण्यापासून करू नये. आधी गळती कुठून होते ते शोधा. गळती थांबल्याशिवाय एकही थर काढायची हिंमत होणार नाही. निदान आमची होत नव्हती.

गळती कशी शोधायची

बादलीभर पाणी घ्या. सील केलेली पिशवी पाण्याखाली धरा आणि तळहातानं हळूहळू दाबा. जिथून बुडबुडे येतील तिथं सील कच्चं आहे. एका लॉटमधल्या दहा तरी पिशव्या बघा, आणि कुठली पिशवी कुणी, कधी सील केली ते मागं पेननं लिहून ठेवा. या लिहिण्यामुळंच आम्हाला उत्तर सापडलं.

दोन गोष्टी निघाल्या. पहिली, सीलच्या जागेत हळद. कांडलेली हळद फार बारीक असते, प्लॅस्टिकवर घासली गेली की तिथल्या विजेच्या भारानं आतून चिकटून बसते, आणि झटकली तरी जात नाही. सीलच्या दोन थरांमध्ये ती अडकली की तिथं प्लॅस्टिकला प्लॅस्टिक भेटतच नाही. वरून सील छान दिसतं, आतून बारीक वाटा राहतात. अशा जागी दुसरं, तिसरं सील मारूनही उपयोग नाही, कारण तिथंही हळद आहेच. उपाय अगदी साधा निघाला: लांब नळीचं स्टीलचं नरसाळं. त्याची नळी सीलच्या जागेच्या बरीच खाली जायला हवी, म्हणजे हळद काठाला लागतच नाही. भरल्यावर पिशवी दोनदा आपटायची, नरसाळं सरळ वर काढायचं, काठ आतून कोरड्या सुती फडक्यानं पुसायचा आणि मगच सील. पिशवी गळ्यापर्यंत भरायची नाही. वर रिकामी जागा नसेल तर सील दाबताना आतली हवा पीठ घेऊन वर येते.

दुसरी गोष्ट लक्षात यायला वेळ लागला. गळणाऱ्या पिशव्यांमागं वेळ लिहिलेली होती, आणि त्यातल्या बहुतेक संध्याकाळी सातनंतरच्या होत्या. आधी मला वाटलं, बायका दमतात, हात घाईचा होतो. मी जाऊबाईंना दोन शब्द बोललेही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. कारण दोष हाताचा नव्हता, विजेचा होता. आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. पायाच्या मशीनमधली तार ठरावीक सेकंद तापते, किती तापली ते मशीन बघत नाही. २३० च्या जागी २०० व्होल्ट असतील तर तारेची उष्णता जवळजवळ पाव हिश्श्यानं कमी होते, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. सकाळी ४ या आकड्यावर लावलेला टायमर संध्याकाळीही त्याच आकड्यावर ठेवला तर सील कच्चंच बसणार. आता आम्ही सील सकाळीच करतो. संध्याकाळी करावंच लागलं तर टायमर थोडा वाढवून आधी दोन रिकाम्या पिशव्या ओढून बघतो.

टायमर फार वाढवायचाही नाही. जास्त तापलं की सीलच्या शेजारची फिल्म आक्रसते, कडक होते आणि तिथंच चिरते. नीट बसलेलं सील सपाट आणि एकसारखं दिसतं. सुरकुत्या, बुडबुडे किंवा पांढुरक्या रेघा दिसल्या तर उष्णता जास्त आहे. मशीनचा दिवा विझला की लगेच पाय उचलू नका, दोन-तीन सेकंद दाबूनच ठेवा. सील गरम असताना मोकळं झालं तर ताणलं जातं. तारेवरची टेफ्लॉनची पट्टी काळी पडली किंवा तिला भोकं पडली की लगेच बदला. ती स्वस्त असते, आणि तिच्यामुळं वाया जाणारा माल महाग.

एवढं झाल्यावर बादलीतले बुडबुडे थांबले. भरलेल्या पिशव्या ओट्याच्या उंचीवरून फरशीवर टाकून बघितल्या, रात्रभर पाटा ठेवून बघितल्या. टिकल्या. मग दुसरं सील बंद केलं, आतली साधी पिशवी बंद केली. तक्रारींतली "पट्टी हातात"वाली जात तिथंच संपली.

तरीही फाटत नसेल, किंवा वाकडी फाटत असेल

इथं पिशवी कशाची बनते ते थोडं समजून घ्यावं लागतं. बाहेरचं पॉलिस्टर तयार होतानाच दोन्ही दिशांना ताणलेलं असतं. अखंड काठाला ते दाद देत नाही, पण एकदा चीर पडली की सरसर जातं. आतलं पॉली उलट स्वभावाचं, ते फाटण्याऐवजी रबरासारखं लांबतं. म्हणून खाच लहान असली, बोथट पात्यानं कापलेली असली, किंवा फक्त वरच्या थरात असली तर बाहेरचं फाटतं आणि आतलं तार ओढल्यासारखं लांबत राहतं. खाच दोन्ही कडांना आणि सगळ्या थरांतून आरपार मागायची. डावखुऱ्या माणसाचाही त्यात विचार होतो. सीलच्या वर बोटात धरण्याएवढा काठ, निदान एक सेंटिमीटर, मोकळा ठेवायचा. बऱ्याच पिशव्या उघडत नाहीत त्याचं खरं कारण हेच असतं, की धरायलाच काही नसतं. स्वयंपाक करणाऱ्याचा हात ओला किंवा तेलकट असतो हे पॅकिंग करताना कुणाच्या डोक्यात नसतं.

वाकडी फाटणं पूर्ण घालवायचं असेल तर फिल्मवर लेझरनं सरळ रेघ मारून देतात. ते मोठ्या ऑर्डरलाच परवडतं, आमच्यासारख्यांना नाही. आम्ही वेगळी वाट काढली, आणि ती मला लेझरपेक्षाही बरी वाटते. हळदीची पिशवी घरात आल्यावर तिचं काय होतं? ती बरणीत किंवा मसाल्याच्या डब्यात रिकामी होते. म्हणजे पिशवीचं आख्खं तोंड उघडायची गरजच नाही, ओतायला चोच हवी. म्हणून पिशवीवाल्याकडून वरच्या कोपऱ्याला तिरकी खाच मारून घेतली. कोपरा फाडला की लहान तोंड तयार होतं आणि हळद सरळ बरणीत जाते. फाट वाकडी गेली तरी दोन बोटांपलीकडं जात नाही. खाचेशेजारी बाण आणि "इथून फाडा" एवढे शब्द छापले, ठळक आणि मोठे.

याच विचारानं पाव किलोच्या पिशवीची झिपही काढली. झिप असली की माल भारी दिसतो म्हणून आम्ही ती घेत होतो. पण हळद झिपच्या खोबणीत बसते आणि ती दुसऱ्या दिवसापासून लागत नाही, आणि तसंही पिशवी त्याच दिवशी रिकामी होऊन केरात गेलेली असते. जिचा कुणी वापरच करत नाही अशी ती प्लॅस्टिकची पट्टी होती. बेदाण्याला मात्र झिप ठेवली आहे. बेदाणा लोक मूठ-मूठ काढून खातात, पिशवी महिना-दोन महिने घरात राहते, उघडी राहिली तर मुंग्या लागतात किंवा दमट हवेत गोळा होतो. तिथं झिप आपली किंमत वसूल करते.

कचऱ्याचा हिशेब

आमच्या पिशवीसारख्या, वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे थर चिकटवलेल्या पिशव्या भंगारवाला घेत नाही, कारण ते थर पुन्हा वेगळे करता येत नाहीत. मी आमच्या भंगारवाल्यासमोर चार नमुने ठेवले होते. त्यानं तिघांना हात लावला नाही, फक्त एकाच जातीच्या प्लॅस्टिकची, नुसत्या पॉलीची पिशवी उचलली. मला सगळ्यात धक्का बसला तो तपकिरी कागदी पिशवीचा. ती दिसते अगदी शुद्ध, पर्यावरणाची काळजी घेणारी. आतून मात्र तिला प्लॅस्टिकचा किंवा चकाकीचा थर असतो, त्यामुळं ती रद्दीतही जात नाही आणि प्लॅस्टिकमध्येही नाही. दिसण्यावर भुलून तिच्यासाठी जास्त पैसे देऊ नका, असं मी प्रत्येकीला सांगते.

मग नुसत्या पॉलीचीच पिशवी का नाही? कारण हळदीचा रंग उजेडानं उडतो आणि वास उडून जातो. पारदर्शक पिशवीतली हळद दुकानाच्या दर्शनी फळीवर ठेवली तर फिकी पडते. आम्ही आता एक किलोची पिशवी एकाच जातीच्या, पिवळ्या अपारदर्शक जाड पॉलीची करतो. ती ज्या घरात जाते तिथं तीन-चार महिन्यांत संपते, तेवढ्या काळात वास टिकतो. दुकानात पडून राहणाऱ्या पाव किलोला अजून जुनीच पिशवी आहे. इथं मला मन मारावं लागलंय.

मोठ्या पिशवीचा फायदा मात्र आकड्यांतच दिसतो. आकार सारखा धरला तर एक किलोची एक पिशवी आणि शंभर ग्रॅमच्या दहा पिशव्या, यांत दहा पिशव्यांना दुपटीहून जास्त प्लॅस्टिक लागतं. म्हणून ठरलेल्या गिऱ्हाइकांना आम्ही एक किलोचीच गळ घालतो. ज्यांच्याजवळ चक्की आहे त्यांना तर हळकुंडच नेऊन घरच्या घरी दळा म्हणतो. अख्खं हळकुंड पुडीपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. आमच्याकडं हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळकुंड साठवायचे, ना पिशवी ना सील. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली, पण हळकुंडाचा गुण तोच आहे.

खोक्याचं गणित तर आम्ही वर्षानुवर्षं डोळे झाकून चुकवत होतो. कुरिअरवाले वजन आणि आकार या दोन्हींत जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. आकाराचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बरेचदा ५००० नं भागतात. आमचा जुना खोका ३० बाय २० बाय १५ होता, म्हणजे १.८ किलो. आत हळद एक किलो. बाकीची हवा आणि बबल रॅप, आणि त्याचे पैसे आम्ही भरत होतो. नवा खोका २२ बाय १६ बाय १०. हिशेब ०.७ किलोवर येतो, त्यामुळं खऱ्या वजनाचेच पैसे पडतात, आणि बबल रॅपला आत जागाच उरत नाही. मऊ पिशवीला त्याची गरजही नव्हती. टेपची एकच पट्टी मधल्या जोडावर लावतो आणि तिचं टोक बोटभर आत दुमडून ठेवतो. तेवढं दुमडलेलं टोक धरून खोका सुरीशिवाय उघडतो.

साताऱ्याच्या माझ्या मामेभावाचं कंदी पेढ्यांचं दुकान आहे. त्यानंही हे ऐकून विचारलं की खोक्याभोवतीची पारदर्शक फिल्म काढू का. मी म्हटलं, काढायची परवानगी कसली मागतोस, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायच्या फिल्मवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. झाकणाच्या जोडावर कागदी लेबल चिकटवलं की खोका कुणी उघडला का ते कळतं, आणि नखानं उघडतोही.

एक सावधगिरी. खाचेची जागा बदलताना फाट लेबलावरून जाणार नाही हे बघा. निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, बॅच, पत्ता, ग्राहकांसाठीचा फोन, अन्न परवान्याचा नंबर हे सगळं पिशवी उघडल्यावरही वाचता यायला हवं. आम्ही तारीख आणि बॅच वरून काढून खालच्या काठाजवळ नेली.

चाचणी कुणाकडून करून घ्यायची

आपल्या हाताची चाचणी धरू नका. आपण दिवसाला दोनशे पिशव्या हाताळतो, आपल्याला सगळं सोपंच वाटतं. सहज उघडणाऱ्या पॅकिंगसाठी आयएसओ १७४८० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक २०१५ साली निघालं, त्यातही वापरणाऱ्यांकडून उघडून बघण्याची पद्धत आहे. आमच्या घरी हे काम सासूबाईंकडं आहे. त्या ७४ वर्षांच्या आहेत, बोटांचे सांधे सुजलेले असतात. हात ओला करायचा, चष्मा काढायचा, कात्री-सुरी हाताशी ठेवायची नाही आणि काहीही सांगायचं नाही. मी फक्त बघत उभी राहते. त्या आधी कुठं धरतात, कुठल्या बाजूनं ओढतात, कधी थांबून माझ्याकडं बघतात, ते सगळं लिहून घेते. कोपऱ्याची खाच ही त्यांच्याच हाताकडं बघून सुचली. दुधाची पिशवी फोडायच्या सवयीनं त्या प्रत्येक पिशवीचा कोपराच धरत होत्या.

नवीन लॉट आला की पहिल्या दहा पिशव्या त्यांच्याकडं जातात, मगच भरायला घेतो. मागच्या आठवड्यात दहातल्या तीन त्यांना उघडल्या नाहीत. मी भिंगानं बघितलं तर खाच आतल्या पॉलीपर्यंत पोचलेलीच नव्हती. पिशवीवाल्याला फोटो पाठवले, त्यानं मशीन उघडून बघितलं, खाचेचं पातं बोथट झालेलं निघालं. लॉट बदलून येतोय. तोवर जुन्या उरलेल्या पिशव्यांत भरणं चालू आहे.